मुठीची ज्वारी

आमच्या चाकूरच्या मंडळीतल्या बायका रोज स्वयंपाकाला लागताना मूठभर धान्य देवासाठी एका डब्यात टाकतात. महिना भरला की डबा चर्चमध्ये नेऊन द्यायचा. मी वर्षभर माझा डबा नेलाच नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्या गल्लीत एकटी राहणारी कावेरीमावशी शाळा झाडायला गेली, की मी डब्यातल्या धान्यात घरची थोडी ज्वारी घालून पिशवी तिच्या उंबऱ्याशी ठेवून यायची. दान गुपचूप द्यावं, हे लहानपणापासून ऐकत आले होते. शीलाचा डबा येत नाही म्हणून बायकांनी नाकं मुरडली, तीही मुरडू दिली.

मावशीचा लेक विनोद तीन वर्षांपूर्वी भांडून हैदराबादला गेला, त्यानं साधा फोन केला नव्हता. दोन-तीन पिशव्या आल्या तशी मावशी गल्लीभर सांगत सुटली, "माझ्या लेकानंच कुणाला तरी सांगून ठेवलंय. भांडून गेला ना, समोर यायला लाजून राहिला."

मी गप्प बसले. आपण कुठं खोटं बोललो, असं मनाला समजावलं. मावशी पुन्हा सणाला लुगडं बदलायला लागली होती, लोकांत बसून हसत होती. ते मोडायचा मला धीर झाला नाही.

दिवाळीनंतर आमचा हंगामाचा सण आला. लोक भोपळे, ऊस, कोंबड्या घेऊन चर्चमध्ये येतात, अर्पण करतात, मग त्याचा लिलाव होतो. लिलावाआधी पास्टरसाहेब माईकवर उभे राहिले.

"आपल्या शीलाताई वर्षभर कावेरीबाईंच्या दारात गुपचूप ज्वारी ठेवतात. दान असं असावं! दोघींनी पुढं यावं."

गुपचूप म्हणे! माईकवरून! माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढी वर्षं ज्यांच्यापुढं मान खाली घालून प्रार्थना केली, त्या माणसानं माझा गळाच कापला. लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी मोबाईल धरला होता. मावशी उठली ती पुढं आलीच नाही. चप्पल पायात अडकवून सरळ घरी गेली.

मी मागोमाग धावले. ती दारातच बसली होती.

"मावशी, पास्टरनं दगा दिला बघ मला," मी म्हटलं.

"त्याला कुणी सांगितलं?"

बुधवारच्या महिलासभेत प्रत्येकीनं प्रार्थनेसाठी एकेक विनंती सांगायची असते. मी उठून म्हटलं होतं, विनोदचं मन फिरावं म्हणून प्रार्थना करा, तोवर मी आपली मावशीला ज्वारी पोचवून राहिले. मावशी त्या दिवशी आली नव्हती, पण पास्टरीणबाई समोरच बसल्या होत्या. प्रार्थनेला विनोदचं नाव पुरलं असतं. ज्वारीचं काय काम होतं? पण वर्षभर मुरडलेली ती नाकं मला डाचत होती. कुणीतरी एकदा मला चांगलं म्हणावं, असं वाटलं होतं.

"मीच बोलले," मी म्हटलं. "प्रार्थनेत."

मावशीनं मान हलवली. "देवाला एकट्याला सांगायचं व्हतंस. त्यानं कुणाला सांगितलं नसतं."

"चुकलं माझं. पण मावशी, ज्वारी बंद करणार नाही मी."

"नको करू. खाईन मी. पोट काय, कुणाचंबी खातंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वरीसभर दर म्हयन्याला वाटायचं, आला माझा विनोद, दाराशी येऊन गेला. आज तू त्याला परत घेऊन गेलीस गं शीला."

ती आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली.