रिकामी काख

अयान्लेरेने काखेतल्या ढोलाच्या वाद्या पुन्हा ओढल्या, आणि करडाचं पातळ कातडं टरकन फाटलं. कालही एक फाटलं होतं.

रोनके त्याला ओठ दिसतील अशी समोर येऊन उभी राहिली. “ढोलात खोट नाही, बुन्मीचे बाबा. आता काय माझं कातडं ताणणार?”

तो उठला, अंगणात चालू लागला, परत बसला, परत उठला.

नऊ वर्षांपूर्वी मेंदूज्वराने त्याचे कान नेले. इबादानच्या इस्पितळात कवटीत ऐकण्याचं यंत्र बसवून घेतलं, ते सुरू होऊन तीन आठवडे झाले. आता बकरी ओरडलेली कळे, भांडं पडलेलं कळे. रोनकेचं बोलणं पत्र्यावर खडे ओतावेत तसं येई, पण येई. ढोल मात्र बोलत नव्हता. काखेत दाबला की उंच, सैल सोडला की खोल. त्या चढउतारातच तर माणसाचं नाव उमटतं. त्याला ऐकू येई नुसतं ठक, ठक, ठक.

कान म्हणजे नुसता दरवाजा, ऐकतो तो मेंदू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मेंदूतली ऐकण्याची खोली नऊ वर्षं ओस होती, म्हणून डोळ्यांनी तिथे संसार थाटला. डोळे मिटून ऐकत राहा, जागा सुटेल. पण ढोलाचे चढउतार या यंत्रातून अंधुकच येतात; किती उमजतील, सांगवत नाही.

आज नातीचा, बुन्मीच्या लेकीचा, आठवा दिवस, बारसं. तिचं लाडनाव आजोबांनी ढोलावर पुकारायचं, ही अयान घराण्याची रीत. बहिरेपणात त्याने घराण्यातली अशी चौदा नावं पुकारली होती. आज सकाळी यंत्र लावून हे नाव वाजवून पाहिलं, तर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. ते त्याच्या डोळ्यांनी टिपलं.

बुन्मीने आपला ढोल त्याच्यापुढे ठेवला. “बाबा, खरं सांगू? ऐकू येत नव्हतं तेव्हा तुमचा हात चुकत नव्हता.”

पाहुणे जमले. बाळाच्या ओठांना मध लागला, मीठ लागलं. अयान्लेरेने यंत्राची कानामागची चकती काढून रोनकेच्या तळव्यावर ठेवली आणि काख सैल सोडली. खोल, खोल, उंच. अकांके. म्हाताऱ्यांचे हात वर गेले, चेहरे उजळले. नाव पोचलं होतं.

सगळे भाताकडे वळले. त्याने मात्र चकती परत लावली, ढोल बुन्मीला दिला आणि डोळे मिटले.

“वाजव.”

तिने बाळ आईकडे, रोनकेकडे दिलं आणि वाजवलं. अकांके.

त्याने मान हलवली. “पुन्हा.”

भात निवतोय, असं रोनके म्हणाली. त्याने डोळे उघडले नाहीत.

चौथ्या खेपेला बुन्मीला दिसलं. बाबांच्या डाव्या काखेत काही नव्हतं, तरी दोन ठोके दंड सैल लोंबला आणि तिसऱ्याला बरगडीशी दाबला गेला. पण नाव तर त्यांना ठाऊकच होतं.

त्यांना न सांगता तिने नाव बदललं. खोल, उंच, उंच. अजिके. आईचं लाडनाव, या ढोलावर नऊ वर्षांत कुणी वाजवलं नव्हतं.

बाळाला थोपटणारा रोनकेचा हात थांबला.

दुसऱ्या ठोक्याला बाबांचा दंड हलला. बरगडीपर्यंत न जाता अर्ध्यातच अडला. कपाळावर आठी चढली.

“थांब,” अयान्लेरे म्हणाला. “हे पुन्हा वाजव.”