नऊ वर्षांची पाहुणी

त्या दिवशी रोवेना हॅस्केलचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चीनमधल्या ह्वांगछिआओ गावातल्या आपल्या चिमुकल्या ऑफिसला कुलूप लावून ती निघाली, परत फिरून कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा निघाली. केलेला चहा टेबलावर तसाच राहिला. "घाबरायचं काय त्यात? बियान शेठ आपलेच आहेत," असं ती स्वतःलाच चिनी भाषेत बजावत होती. आपलेच! गेली नऊ वर्षं ती त्यांच्याच कारखान्यातून व्हायोलिनं घेत होती. ओहायोतल्या शाळांमधली पोरं जी व्हायोलिनं हनुवटीखाली धरून आईबापांचे कान किटवतात, ती सगळी बियान शेठच्या छपराखाली तासली आणि रंगवली गेलेली. मग ते आपले नाहीत तर काय परके?

पण घोळ असा होता, की त्याच संध्याकाळी शांघायचा एक बडा व्यापारी यायचा होता आणि त्याला वर्षभरासाठी अख्खाच्या अख्खा कारखाना हवा होता. शेठ त्याला हो म्हणाले की रोवेनाचा माल बंद, माल बंद की ऑफिस बंद, आणि ऑफिस बंद म्हणजे बॅगा भरून ओहायो. तिथं आता आईखेरीज तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. तिला जायचं नव्हतं. हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण नव्हतंच जायचं.

त्यात ओहायोहून तिचा साहेब कर्टिस प्रुइट जातीनं हजर झाला होता. चिनी लोकांशी धंदा कसा करावा यावरचं एक जाडजूड पुस्तक त्यानं विमानात वाचून संपवलं होतं. काल रात्री हॉटेलात ज्या गड्याला काड्यांनी शेंगदाणा उचलता येत नव्हता, तो आज गाडीत बसून रोवेनाला चीन शिकवत होता.

"हे बघ, चिनी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. खाऊ घालतो, पिऊ घालतो आणि लटकवतो. म्हणून आज सही घेतल्याशिवाय उठायचं नाही."

"कर्टिस, मी इथं नऊ वर्षं राहतेय."

"म्हणून तर म्हणतो! तू त्यांच्यातलीच झालीस. तुला दिसत नाही आता."

या टोमण्यानं रोवेना मनातून सुखावलीच. त्यांच्यातलीच!

मग कर्टिस जरा गंभीर झाला. "दोन्ही सरकारं एकमेकांच्या मालावर कर चढवत सुटलीत. मुख्य ऑफिसात आता माल व्हिएतनामहून घ्यायचं निघालंय. आज हे जमवलंस तर मी तुझ्यासाठी भांडेन. नाही जमलं तर माझ्या हातात काही राहणार नाही, रोवेना."

"जमेल," ती म्हणाली. "या गावात मी कुणाचं काही अंगावर ठेवलेलं नाही. शब्दाची पक्की म्हणून ओळखतात मला इथं."

आणि ते खरंच होतं बरं का. बियान शेठाणींनी खेकडे पाठवले, की दुसऱ्या दिवशी रोवेनाकडून कॉफीचा डबा गेलाच म्हणून समजा. शेठनी आपली गाडी देऊन तिला शांघायला पोचवलं, तर त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर उंची दारूची बाटली. तिचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा तर शेठाणी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या, भाताची पेज चमच्यानं भरवत होत्या. बरी होताच रोवेनानं फळांची, सुक्यामेव्याची अशी टोपली पाठवली, की उचलायला दोन माणसं लागली. शेठाणी म्हणाल्या, "अहो, एवढं कशाला?" त्यानंतर मात्र त्यांच्याकडून कधी खेकडे आले नाहीत. रोवेनाला वाटलं, खेकडे महागले असतील.

कारखान्याच्या माडीवर जेवणाचा थाट काही विचारू नका. खालून रंगाचा वास येत होता, कुणीतरी तारा पिळून एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होतं, आणि वर गोल टेबलावर बदक, कोळंबी, तिळाच्या गरम शाओबिंग रोट्या, मधोमध भलामोठा वाफाळता मासा. शेठनी कर्टिसला दरवाजासमोरची मानाची खुर्ची दिली. माशाचं तोंड त्याच्याकडे फिरवलं. रोवेनाला त्याच्या शेजारी बसवून शेठाणींनी स्वतःच्या हातानं कोळंबी सोलून तिच्या ताटलीत ठेवली.

"थँक्यू, शेठाणीबाई! खरंच, खूप खूप आभार!" रोवेना अर्धी उठून म्हणाली.

"काय हे, लुओ मॅडम. बसा ना," शेठाणी म्हणाल्या. गावात तिला लुओ मॅडम म्हणत.

प्याले भरले, उचलले, रिकामे झाले. आपला प्याला मानानं खाली धरायचा म्हणून शेठ खाली गेले, पुस्तक वाचलेला कर्टिस त्यांच्याहून खाली गेला, शेठ आणखी खाली, असं करत करत दोघांचे हात टेबलाखाली गेले आणि सगळे खो खो हसले. "जमलं!" कर्टिस लालबुंद होऊन रोवेनाच्या कानात म्हणाला. "आपला माणूस आहे हा. आता विषय काढ. विचार त्याला, वर्षाचा करार करतो का. वकील मी पाठवतो म्हणावं."

रोवेनानं त्यातला वकील गिळला आणि शेठना म्हणाली, "आमचे साहेब म्हणतात, असा मासा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. आणि येत्या वर्षीही आपलं काम असंच चालावं, अशी त्यांची फार इच्छा आहे."

"वा, वा. मोठे मनाचे आहेत साहेब," शेठ हसून म्हणाले. "लुओ मॅडमसारखं चोख गिऱ्हाईक मिळणं भाग्याचं. आपण बघू. विचार करू."

रोवेनाचा घास तोंडातच राहिला. "बघू, विचार करू" म्हणजे काय, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. शेठ नाही म्हणाले होते. एवढं गोड हसून, एवढा मान देऊन, सरळ नाही.

"काय म्हणाला? हो म्हणाला ना?" कर्टिसनं तिला ढोसलं.

ती काही बोलणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि लाकडाचा व्यापारी यिन आत घुसला. घामाघूम, बूट चिखलानं भरलेले. ना रामराम, ना काही. "शेठ, ट्रकची किल्ली टाका. माझा बंद पडला रस्त्यात."

"मागल्या खेपेला नेलास तो डिझेल सुकवून आणून लावलास, मेल्या!" शेठ असे कडाडले की कर्टिस दचकला.

"मग भरायचं की! ट्रक कुणाचा आहे?"

"बघा, बघा याचं तोंड! आणि तुझ्या भावानं माझ्या पुतण्याला नोकरीला लावतो म्हटलं होतं, त्याचं काय झालं?"

"सांगितलंय म्हटलं ना! सोमवारी पाठवा त्याला. किती डोकं खाल?"

शेठनी खिशातली किल्ली काढून त्याच्या अंगावर फेकली. यिननं ती झेलली, वाकून ताटातली बदकाची तंगडी उचलली आणि ती चघळत चालता झाला. आभार नाहीत, काही नाही. "निर्लज्ज कुठला," शेठ म्हणाले, आणि दाराकडे बघताना त्यांचा म्हातारा चेहरा असा काही खुलला होता, की बघतच राहावं.

रोवेना हातातल्या काड्या खाली ठेवून त्या दाराकडे बघत बसली.

नऊ वर्षांत शेठ तिच्यावर एकदाही ओरडले नव्हते. एकदाही! तिनं कधी त्यांच्याकडे किल्ली मागितली नव्हती, आणि त्यांनीही तिला कधी काही काम सांगितलं नव्हतं. या घरात तिला नेहमी सोललेली कोळंबी मिळाली होती. अगं बाई, तिच्या मनात आलं, आपण कुणाचं काही ठेवत नाही म्हणून मिरवतो, आणि हे लोक बिचारे इतकी वर्षं समजताहेत, की हिला आपल्याशी काही ठेवायचंच नाही! पेज भरवली, हिनं टोपली पाठवली, विषय मिटला. पेजेच्या बदल्यात टोपली! स्वतःच्या मूर्खपणाची तिला अशी लाज वाटली, की कान तापले.

इकडे कर्टिसला काहीतरी बिनसल्याचा वास आला होता. "भाव वाढवून देऊ म्हणावं," तो घाईघाईनं म्हणाला. "शांघायवाला देतो त्याच्यापेक्षा जास्त. शिवाय शेठला बायकोसकट अमेरिकेची सफर. सांग, सांग लवकर!"

रोवेनानं ते सांगितलंच नाही. ती उठली. 

"बियान शेठ, माझं एक काम करा."

शेठ सावध हसले. "बोला, मॅडम."

"मला हे गाव सोडून जायचं नाही. तुम्ही शांघायवाल्याला सगळा कारखाना दिलात तर मला जावं लागेल. म्हणून देऊ नका. कारागिरांची एक ओळ तेवढी माझ्या मालासाठी ठेवा. भाव वाढवून मिळणार नाही. बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि असतं तरी दिलं नसतं." तिचा आवाज फाटला. "मी मागतेय. बस्स."

 शेठाणींच्या हातात चमचा तसाच राहिला. कर्टिस एकदा हिच्याकडे बघे, एकदा शेठकडे. शेठचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. रोवेनाला वाटलं, संपलं. भलत्याच वेळी भलतंच बोलून बसले.

आणि मग शेठनी टेबलावर अशी मूठ आपटली की मासा ताटात उडाला.

"आत्ता सांगतेस? आत्ता? तो माणूस पाच वाजता दारात येणार, आणि तुला आत्ता जाग आली? महिनाभर काय झोपली होतीस? मी रोज वाट बघतोय, आज येईल, उद्या येईल, काहीतरी बोलेल! तर ही बया हसून नमस्कार करते आणि चालू लागते! त्या शांघायवाल्याला मी आता काय तोंड दाखवू, सांग!"

"ते तुमचं तुम्ही बघा!" रोवेना ओरडली. कशी ओरडली, तिचं तिलाही कळलं नाही. "तुम्ही तरी विचारलंत का मला?"

"मी काय विचारणार? तुमच्या देशातली माणसं एकेक करून निघून चाललीत. मी म्हटलं, हीसुद्धा एक दिवस दारात भलीमोठी टोपली ठेवेल आणि जाईल. हिला थांबवायचं कुठल्या तोंडानं? आमचं काही हिच्याकडे राहिलेलंच नाही!"

"रोवेना," कर्टिस घाबरून कुजबुजला, "हा चिडलाय का? आपण जाऊ या का?"

"गप्प बस, कर्टिस!"

शेठनी फोन काढला होता. बटणं दाबता दाबता त्यांची बडबड चालूच होती. पलीकडून कुणी उचलल्याबरोबर त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला. त्यांनी तब्येत विचारली, हवापाणी विचारलं आणि मग म्हणाले, की घरातली अडचण निघाली आहे, एक ओळ काही मोकळी होत नाही. बाकीचा कारखाना तुमचाच. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. शेठ "हो, हो, बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिले आणि तसूभर हलले नाहीत. फोन ठेवून त्यांनी रोवेनाकडे डोळे वटारले. "चिडलाय. येईल पण. झालं समाधान?"

रोवेनाच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. तिला टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. आभाराचे शब्द सवयीनं अगदी ओठांवर आले. ते तिनं कष्टानं मागं ढकलले, खुर्चीत धपकन बसली आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं? काय झालं?" कर्टिस रडकुंडीला आला होता. तिनं त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "पण आपण त्यांना दिलं काय?"

"काही नाही."

"मग सही? करार? ते उद्या उलटले तर?"

 तेवढ्यात शेठ पुन्हा बोलले. या खेपेला त्यांचा आवाज पडला होता, आणि ते तिच्याकडे न बघता हातातल्या प्याल्याकडे बघत होते.

"मग आता माझंही एक काम कर. पोरगा कॅनडात बसलाय, मी कारखाना सोडून हलू शकत नाही. उद्या हिला नानजिंगला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. डोळ्यांचं ऑपरेशन आहे. एक डोळा तर गेल्यातच जमा आहे. दुसरा वाचला तर वाचला. आठवडाभर तिथं राहावं लागेल. परक्या माणसाबरोबर ही जायची नाही."

रोवेना शेठाणींकडे बघतच राहिली. त्या मान खाली घालून टेबलावरून बोटं फिरवत होत्या, हातून निसटलेला चमचा चाचपत.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"झालं की वर्ष," शेठाणी हळूच म्हणाल्या.

"वर्ष! आणि मी इथं चार घरं टाकून राहते! मला एका शब्दानं सांगता आलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर तू केलंच असतंस गं," शेठाणी म्हणाल्या. "पण मग आम्हालाही टोपली घेऊन तुझ्या दारात यावं लागलं असतं. आणि मला आता जिना नीट दिसत नाही."

 कर्टिस घड्याळ दाखवत होता, विमान, टॅक्सी, सही असं काहीबाही म्हणत होता. "तुझी टॅक्सी तू बघ," ती त्याला म्हणाली. "मला उद्याच्या तयारीला लागायचंय."

ती उठून टेबलाच्या पलीकडे जायला निघाली. शेठाणींनी तिच्या पावलांच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि हात पुढं केला.

"अशी जवळ ये बघू, पोरी," त्या म्हणाल्या. "रडतेस की हसतेस? मला इथून कळत नाही."

"मावशी," रोवेना म्हणाली, आणि तिनं त्यांचा हात धरून आपल्या गालावर ठेवला.