आमसुली कांडी

माझा भाऊ काळूराम याचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौतीस. त्या लग्नाला मुंबईहून कोकिळाआत्या आली ती महिनाभर राहिली. सिनेमाच्या कंपनीत नट्यांना लुगडी नेसवायचं आणि तोंडाला रंग लावून द्यायचं काम ती करी. नट्यांनी टाकून दिलेल्या, ओठ रंगवायच्या तीन कांड्या तिच्याकडे होत्या. एक गुलाबी, एक लालभडक आणि एक आमसुलासारखी काळपट तांबडी.

आम्ही दोघी बहिणी लग्नाच्या. जनी थोरली, रंगानं काळी. मी रंगू, दोन वर्षांनी धाकटी, उजळ. जनीला बघायला आलेल्या दोन घरांनी मलाच मागितलं होतं आणि बानं दोन्ही वेळा त्यांना परत पाठवलं होतं. आता बोर्लीची भागुबाई तिच्या लेकासाठी, हरेश्वरासाठी यायची होती. तिनंही मलाच मागितलं तर मला देऊन टाकायची आणि जनीला रेवदंड्याच्या अंबाजीला द्यायची, असं बानं ठरवून टाकलं. अंबाजीच्या दोन बायका मेल्या होत्या, घरात चार लेकरं होती, आणि दारू प्याला की त्याच्या हाताला धरबंध नसे. हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं.

भागुबाई यायच्या दिवशी आईनं जनीसाठी गुलाबी कांडी उचलली. "उजळ दिसंल पोर," म्हणाली.

"वहिनी, काळ्या अंगावर ही लावलीस तर ओठ आधी घरात येतील, पोरगी मागनं," आत्या म्हणाली. तिनं जनीला दाराच्या उजेडात उभं केलं आणि तिचा खालचा ओठ बोटानं उलटा केला. "आत बघ. जो रंग हितं, तीच कांडी घ्यायची."

आमसुली लावल्यावर जनीचं तोंड खुललं. रंग लावलाय असं वाटेचना.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला गुलाबी. ही आमसुली तू लावलीस तर काविळीतनं उठल्यासारखी दिसशील."

ते मी ध्यानात ठेवलं.

दुपारी भागुबाई होडीतून उतरली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. तिनं जनीला सुक्या मासळीचं विचारलं, जाळ्याचं विचारलं. मग म्हणाली, "काळी हाय, पन तोंडावर पानी हाय." बा मोकळा हसला. माझा जीव मात्र भांड्यात पडला नाही. मागच्या दोन्ही वेळा इथवर सगळं नीटच झालं होतं.

"धाकटी पन हाय ना? बोलवा तिला."

मी आत्याच्या डबीतली आमसुली कांडी दोन्ही ओठांवर जाड फिरवली आणि पाण्याच्या हंड्यात डोकावले. तोंड खरंच पिवळं पडलं होतं. तशीच बाहेर गेले.

"ही आजारी हाय काय गो?" भागुबाईनं विचारलं.

"व्हय. ताप येतो अधनंमधनं," मी म्हणाले. आईनं माझ्याकडे डोळे वटारले.

"हिकडं ये."

भागुबाई जन्मभर मासळी विकणारी. शिळ्या मासळीच्या कल्ल्यांना ताजं रक्त चोळणारे तिनं बाजारात कैकदा पकडले होते. तिनं माझी हनुवटी धरली आणि ओठावरून अंगठा ओढला. अंगठ्याकडे बघितलं. मग पदरानं माझे ओठ खसाखसा पुसले आणि उठून जनीच्या ओठावरूनही अंगठा फिरवला.  आत्यानं डोळे मिटून घेतले.

"हिला शोभतो म्हनून लावलाय. ते ठीक. तुला कोनी लावला?"

"मीच."

"कशापायी?"

 मी जनीकडे बघितलं, तेवढं भागुबाईला पुरलं. ती मोठ्यानं हसली आणि माझ्या आईकडे वळली.

"शिळी मासळी रंगवून ताजी दाखवनारे लई बघितले. ताजी रंगवून शिळी दाखवनारी आज बघितली! सोनूबाय, तुझी थोरली काय वाईट न्हाय. पन मना हीच पायजे. बाजारात बसायला असलंच डोकं लागतं."

"मी न्हाय यायची," मी ओरडले. "जनीला न्या. तिच्यासाठीच आलाव ना तुम्ही?"

"गप ऱ्हा!" बा म्हणाला. मग भागुबाईकडे वळून, मान खाली घालून म्हणाला, "दिली."

मी जनीचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला.

"तू कशाला मधी पडलीस?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी त्याच वर्षी वैशाखात बोर्लीला आले. बारा दिवसांनी जनीला अंबाजीला दिली. एकोणीसशे सदतीस सालच्या भाद्रपदात जनी रेवदंड्याला मेली. ती चोवीस वर्षांची होती.