शिंप्याच्या जठरातल्या जनुकाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं जनुक आहे. आधीच सांगतो, मी माफी मागायला आलेलो नाही.

माझा मालक शिंपी. तो आईच्या पोटात घडत होता तेव्हापासून मी त्याच्या पेशींत कामाला आहे. 'वाढा' एवढंच मी पेशींना सांगायचो, तेही गरजेपुरतं. जठराचं अस्तर सोललं, की ते भरून काढायचो. कुणी कधी शाबास म्हटलं नाही.

मग एका पेशीत नक्कल करताना घोटाळा झाला. माझ्या दोन प्रतींच्या जागी ढीगभर निघाल्या. सगळ्या एकदम 'वाढा, वाढा' करू लागल्या आणि गाठ धरली. शिंपी पोट दाबून मशीन चालवत राहिला. बायको म्हणायची, "अहो, दाखवून या ना एकदा."

"पित्त आहे गं, जाईल."

शेवटी कर्करोगाचं निदान झालं, आणि शिव्या मला! माझ्यामुळे गाठ अनेकदा झपाट्याने वाढते, हे कबूल. पण माझ्यावर नेम धरणारं औषधही आहे. ते मिळायचं तर आधी मी सापडायला हवा.

प्रयोगशाळेत गाठीचे तुकडे रंगवले. मी बनवतो ते प्रथिन पेशीच्या कडेला तपकिरी दिसतं. तरुण डॉक्टर आजवर स्तनाच्या गाठी तपासत आलेला. तिथेही मला शोधतात, पण पेशीभोवती रंगाचं वर्तुळ पूर्ण लागतं. इथे ते एका बाजूने उघडं होतं. त्याने एक तुकडा पाहून "नाही" ठरवलं. मी ढळढळीत समोर असून! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

सही करण्याआधी वरिष्ठ डॉक्टरीणबाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली.

"हे नाही कसं?"

"मॅडम, वर्तुळ कुठे पूर्ण आहे?"

"अरे बाबा, हे जठर आहे. इथे वर्तुळ उघडं असलं तरी धरायचं. आणि सगळे तुकडे बघ. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही."

त्याने पुन्हा पाहिलं. "आहे की," तो हळूच म्हणाला.

शिंप्याला औषध सुरू झालं. ते माझ्याच प्रथिनाला धरून गाठीवर घाव घालतं. घालू दे, मी घाव चुकवणार नाही. गाठ आता आकसते आहे. पुढचं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

मित्रांनो, मला खुशाल दोष द्या, पण दुखणं अंगावर काढू नका. मला दिसण्यासाठी रंग लागला. तुम्हाला तोंड आहे. दुखलं की सांगा.