अँब्रोजचं कडवं

“तीन कडवी गाळू या,” मी म्हणालो. “कुणाला कळतंय!”

फिलोमिनाने इन्हेलर तोंडातून काढला. “कुठली गाळू, लॉयोला? भाऊ बुडतो ती, की सापडतो ती?”

मी अकॉर्डियनचे पट्टे आवळत बसलो. मागून ड्रमवाला डर्मट म्हणाला, “गाऊ दे रे तिला. तू तुझा भाता सांभाळ, तिचा ती सांभाळेल.”

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये गावोगाव चर्चची जत्रा भरते आणि आमच्या ‘सनकर्स’ बँडला भाव येतो. सनकर म्हणजे पाण्याखाली दडलेला खडक. होड्या फोडणाऱ्या खडकाचं नाव लावून आम्ही कोळ्यांसमोर वाजवतो, एवढी आमची अक्कल. गाणी आयरिश आज्यांची, वर इलेक्ट्रिक गिटार. म्हातारे नाकं मुरडतात आणि नाचायला तेच पहिले उठतात.

फिलो आमची गायिका, एरवी खेकड्यांच्या कारखान्यातली कामगार. वर्षानुवर्षं उकळत्या खेकड्यांच्या वाफेत उभी राहिली आणि त्या वाफेने तिला दमा जडला. डॉक्टर म्हणाले, कारखाना सोड. ती म्हणाली, मग करू काय, गावात दुसरं आहे काय? यंदा पत्र्याची बासरी सुटली. गाणंही सुटणार, हे आम्हाला कळत होतं आणि तिलाही. त्याआधी एक गाणं तिला अख्खं म्हणायचं होतं.

ते तिच्या वडिलांनी रचलेलं. तिचा धाकटा भाऊ अँब्रोज मासेमारीला गेला तो परत आलाच नाही, त्याचं. अँब्रोज कधीच सापडला नाही. पण शेवटच्या, नवव्या कडव्यात वडील त्याला होडीतून धक्क्यावर आणतात आणि टेकडीवर आजोबांशेजारी निजवतात. त्याला तेवढीच काय ती माती मिळाली. ब्राइडमावशी, म्हणजे फिलोची आई, वर्षातून एकदा त्या कडव्यासाठी घराबाहेर पडते. पुढच्याच टेबलाशी ती बसली होती, चर्चला जायचा कोट घालून.

फिलोने सुरुवात झकास केली. पाचव्या कडव्यापासून ती दोन शब्दांमध्ये श्वास चोरू लागली. आठव्यात सगळ्या होड्या परततात, अँब्रोजची तेवढी नाही. तिथे तिचा सूर तुटला. राहिलेले शब्द वाया जाऊ नयेत म्हणून तिने ते नुसतेच बोलून टाकले. “तो नाही.”

आमच्याकडे गाणं संपवायची एक रीत आहे. शेवटचे शब्द गायचे नाहीत, साध्या आवाजात बोलायचे. ते ऐकले की लोक समजतात, झालं.

सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. डर्मटने जन्मभराच्या सवयीने पुढची नाचाची चाल धरली, गिटारवाला त्याच्यामागे धावला, लोक जोड्या करून उठले. फिलो हात वर करून उभी होती. लोकांना वाटलं, टाळ्या स्वीकारतेय. मी वाजवायचं थांबलो, पण त्या गोंगाटात एका अकॉर्डियनचं काय ऐकू येतं!

ती खाली उतरून आईकडे गेली. मी मागोमाग गेलो.

“आई, दम पुरला नाही गं.”

“दिसलं मला,” मावशी म्हणाली. “घामाघूम झालीस. बस आधी.”

“शेवटचं राहिलं. मी आता म्हणते, इथेच. गाता नाही येणार, पण बोलून दाखवते तुला.”

मावशीने तिच्या हातावर हात ठेवला. “नको. बोललीस की संपलं.”

“अगं, पण तो बाहेरच राहिला ना!”

“राहू दे,” मावशी म्हणाली. “इतकी वर्षं तुझे बाबा त्याला आणून पुरायचे आणि मी निमूट ऐकायचे. बाहेर आहे तोवर वाट तरी बघेन त्याची.”

मला रडू कोसळलं, आणि मी ते लपवलं नाही. फिलो आईशेजारच्या खुर्चीवर बसली. छातीतून घरघर येत होती. मावशीने आपली ताटली तिच्याकडे सरकवली, बटाट्याच्या सॅलडचा एक घास काट्यावर घेतला आणि तिचा श्वास जागेवर येईपर्यंत तो तसाच धरून बसली.