दोन मिनिटांत मंजूर

बायको गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी कामावर आलो. घरी बसवत नव्हतं. कामावरही बसवत नव्हतं, पण तिथे निदान सारखं उठलं तरी कोणी कारण विचारत नाही.

आमचं काम रुग्णवाहिकांचं. प्रत्येक गाडीतलं यंत्र दर पाच सेकंदांनी आपला ठावठिकाणा आमच्या सर्व्हरला कळवतं. बोलावणं आलं की त्यावरून जवळची गाडी कळते. गाड्यांची कनेक्शन कशी सांभाळायची ते सर्व्हरच्या लायब्ररीला, म्हणजे तयार मिळणाऱ्या प्रोग्रामला, आम्ही आकड्यांत सांगतो. एका वेळी किती घ्यायची, गप्प बसलेलं कनेक्शन किती वेळ धरून ठेवायचं, पहिला निरोप पूर्ण यायला किती थांबायचं, असं. जुनी लायब्ररी काढून नवी घातली होती, तेव्हा हे सगळं नव्याने लिहायचं होतं. साहेबांनी ते मला दिलं. "हलकं काम आहे, सावकाश करा," म्हणाले.

आमच्याकडे एकाचा बदल दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. माझे बदल वाचते कात्री. हे नाव तिला ऑफिसने ठेवलंय आणि तिला ते माहीत आहे. तिच्या हातून एका फेरीत कोणी सुटत नसे. माझ्या एका बदलावर तिने एकदा एकोणीस शेरे मारले. घरी जाऊन चिडून सांगितलं तर बायको म्हणाली, "एकोणीसच? मग तिने नीट बघितलं नाही." बायकोला माझं काही पसंत पडत नसे. कपडे वाळत घालणं नाही, फोनवर बोलणं नाही, सही तर नाहीच.

पण मी परत आल्यापासून कात्री शेरा मारेना. पाठवलं की दोन मिनिटांत मंजूर. सहा बदल असेच गेले. सातव्यात मी मुद्दाम चूक घातली. गप्प कनेक्शनच्या मुदतीत शून्य लिहिलं. या लायब्ररीत शून्य म्हणजे ताबडतोब तोडा असं नाही, कधीच तोडू नका असं. गाडी बोगद्यात शिरून सिग्नल गेला की तिचं निकामी कनेक्शन जागा अडवून बसणार. जागा चारशे. त्या भरल्या की चालत्या गाडीला आत घेणार कुठे? कात्रीला हे झोपेत दिसलं असतं.

दोन मिनिटांत मंजूर.

मंजूर झालेलं रोज चार वाजता आपोआप सर्व्हरवर चढतं. सव्वातीन वाजले होते. मागे घ्यायला एक बटण पुरे होतं, पण मी ते दाबेना. कोणीतरी वाचेल, साहेब कधीकधी नजर टाकतात, असं वाटत होतं. उठून पाणी प्यालो. खिडकीतून खाली उभ्या मोटारी मोजल्या आणि आकडा विसरलो. परत येऊन पाहिलं तर कोणाचा शब्द नाही. साडेतीन. टेबलाचा खण आवरला. पुन्हा उठलो, दारापर्यंत जाऊन वळलो. चारनंतर कुठल्या तरी गल्लीत कोणी गाडीची वाट बघत असेल आणि मी इथे हट्ट धरून बसलोय. पावणेचारला बटण दाबलं आणि तडक कात्रीच्या टेबलापाशी गेलो.

"माझा बदल वाचलास का?"

"हो काका. मंजूर केला की."

"गप्प कनेक्शनला काय मुदत आहे? न बघता सांग."

तिचा हात माऊसवर थांबला. "तीस सेकंद असेल."

"शून्य."

तिने उघडून पाहिलं. "काका, हे चारला चढलं असतं. डोकं फिरलंय का तुमचं?"

"आत्ताच मागे घेतलंय. पण तुझं काय?"

ती खाली बघून म्हणाली, "साहेब म्हणाले, जरा सांभाळून घ्या. मला वाटलं, आत्ता कुठे तुम्हाला बोलायचं."

"घरी मला कोणी बोलत नाही. मेहुणी येते, ती पण पुढ्यात ताट ठेवते आणि गप्प निघून जाते. तू बोल."

तिने शेजारची खुर्ची ओढली. "बसा मग. डोक्यावर उभं राहू नका."

ती ओळ न ओळ वाचायला लागली. मध्येच थांबली. "हे पण मुद्दाम केलंय?"

"कोणतं?"

"पहिल्या निरोपाची मुदत. दहा."

"दहा सेकंद."

"ही लायब्ररी मिलिसेकंद मोजते. दहा मिलिसेकंदांत कुठली गाडी बोलून होते? एकूण एक दारातून परत."

मी वाकून पाहिलं. ते मुद्दाम नव्हतं. जुनी लायब्ररी सेकंद मोजायची, त्या सवयीने हात गेला होता.

"आधीचे सहा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. ते तर चढून बसले होते.

आम्ही पहिल्यापासून वाचायला घेतलं. तीन ठीक निघाले. चौथ्यात सर्व्हर बंद होताना हातातले निरोप पुरे होऊ द्यायची मुदत मी लिहिलीच नव्हती. म्हणजे रोज चार वाजता सर्व्हर नव्याने सुरू होताना दोन-चार निरोप वाया जात होते. गाड्या लगेच पुन्हा कळवतात म्हणून निभावलं. पाचवा-सहावा ठीक होते. कात्रीने साहेबांना बोलावलं आणि स्वतःच सांगितलं, "मी न वाचता सोडलं." साहेबांनी चारची वेळ पुढे ढकलली.

मी तिच्याच टेबलावर दुरुस्ती लिहून पाठवली. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. ती ओठ मुडपून वाचत होती.

"बंद होतानाचे वीस सेकंद कुठून आणले?"

"अंदाजाने."

"अंदाज नको. एक निरोप पुरा व्हायला किती लागतो ते मोजा आणि मग लिहा. आणि आकड्याशेजारी ही टीप कोणासाठी लिहिलीत? मला कळली नाही."

मी मोजायला बसलो. सगळ्यात सावकाश निरोपाला आठ सेकंद लागत होते. टीप पुन्हा लिहिली आणि पाठवली.

"अजून नाही," ती म्हणाली.