बकरीनं केलेली चुगली

मॅझीला नापास व्हायचं होतं. तिसरीतली पोर, पुढचा दात पडलेला, आणि डोक्यात एवढा एकच ध्यास!

आमच्या केंटकीतल्या शाळेत वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशातून वाचन-गणिताची एक खोली चालते. मागे राहिलेली पोरं तिथं घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेबलाभोवती बसतात आणि मधल्या खाचेत मी, मिस लॉर्ना, मदतनीस. पोर परीक्षेत नीट वाचायला लागली की खुर्ची सोडायची, कारण पहिलीतला ओटिस त्या जागेसाठी रांगेत असतो. नियम म्हणजे नियम. पण मॅझीला ती खुर्ची सोडायची नव्हती. एवढ्या हसण्या-खिदळण्याची खोली सोडून कोण जाईल हो? मीसुद्धा जाणार नाही!

आणि तिला वाचता येत होतं, हे काय मला कळत नव्हतं? परवाच जेवणाच्या रांगेत भिंतीवरची सूचना वाचून तिनं बोंब ठोकली होती, "अरे, बटाट्याचे कुरकुरीत टॉट्स संपले, आज वाटाणे!" अख्खी रांग हळहळली.

तर परीक्षेचा दिवस उजाडला. मिसेस प्रुइट घड्याळ घेऊन बसल्या. त्या आमच्या खोलीच्या मुख्य शिक्षिका. मॅझीनं कागद घेतला आणि सुरू केलं नाटक.

"एक... एका... बक... बक... मिस लॉर्ना, हा शब्द फारच अवघड आहे हो!"

"बकरी" या शब्दापाशी आमच्या मॅझीबाई रडकुंडीला आल्या. पुढच्याच ओळीतला "नगराध्यक्ष" मात्र तोंडातून सटकन निघाला! तिनं जीभ चावली. मी हसू दाबायला गाल आतून चावले.

"पुढे वाच," प्रुइटबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा.

"नगराध्यक्षांची... टो... टो..."

"टोपी," असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण परीक्षेत मदत करायची नसते. खरं सांगू? माझंही मन डळमळलं. ही पोर गेली तर या टेबलावर मजा काय उरणार? राहू दे की हिला उन्हाळ्यापर्यंत! पण खोटं अडखळणं ऐकून माझं डोकंही तापलं होतं. एवढं छान वाचणारी पोर "बक, बक" करते म्हणजे काय!

तेवढ्यात ती गप्प झाली. बोट होतं तिसऱ्या ओळीवर, पण डोळे भराभरा खाली चालले होते. खांदे हलायला लागले. आणि मग, फस्सकन! दात पडलेल्या जागेतून थुंकी उडवत ती अशी हसली की खुर्चीवरून घसरलीच.

"बकरी! बकरी त्यांची चड्डी घालून भाषण करतेय!"

कागदावर चित्र नव्हतं. एकही नव्हतं.

मॅझीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण आता काय उपयोग! आधी प्रुइटबाईंचा दगड फुटला, मग मी, मग टेबलाभोवतीची सगळी पोरं पोट धरून लोळायला लागली.

"ही फसवणूक आहे!" मॅझी पाय आपटत ओरडली. "तुम्ही मुद्दाम मजेशीर गोष्ट दिलीत!"

"आम्ही कुठं दिली? वरूनच येते ती," प्रुइटबाई डोळे पुसत म्हणाल्या.

मॅझीनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी. "आणि पुढचं कुठंय? लोक टाळ्या वाजवतात का बकरीला? मधेच कोण संपवतं अशी गोष्ट!"

"पूर्ण पुस्तक लायब्ररीत आहे," मी म्हटलं. "जाड आहे बरं. मला वाटतं तुला झेपायचं नाही."

"मला? मला झेपायचं नाही?"

खुर्ची धाडकन मागे गेली आणि पोर दाराबाहेर. निरोप नाही, मिठी नाही, मागं वळून एक नजरही नाही. मला हसू आवरेना. वऱ्हांड्यात धावू नका म्हणून वर्षभर या पोरांवर मीच ओरडत असते. दारात जाऊन मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "पळ गं, पळ! लायब्ररी बंद होईल!"